खामगावची दीडशे मीटरांची आगगाडी

खामगावच्या आमच्या जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा तांब्या-पितळेची भांडी, शिसवी पाट, लोखंडी तराजू, आजोबांच्या अडतीच्या वह्या, सगळ्यांची यादी झाली. यादीत न आलेला एक पत्र्याचा डबा तेवढा उरला. त्यात चावीचं एक लाल इंजिन होतं. चार चाकं, मागे कोळशाची छोटी गाडी आणि तिच्यावर ‘एल. एम. एस.’ ही सोनेरी इंग्रजी अक्षरं. स्प्रिंग केव्हाच तुटलेली. चुलतभावाने मोबाइलवर फोटो टाकला आणि आठवड्याभरात एका संग्राहकाने चांगली किंमत सांगितली. विकायचं की ठेवायचं, हे माझ्यावर सोपवण्यात आलं, कारण लहानपणी त्या इंजिनासाठी सर्वांत जास्त रडलेला मीच होतो.

निर्णय घेण्याआधी ते इंजिन मुळात कोणाचं, हे पाहावं असं ठरवलं. हा लेख त्या शोधाचा आहे.

तळाशी छापलं आहे : मेकॅनो लिमिटेड, लिव्हरपूल. फ्रँक हॉर्नबी या गृहस्थाने 1901 मध्ये भोकांच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं, त्याचंच पुढे मेकॅनो झालं. 1920 पासून त्याची कंपनी आगगाड्याही करू लागली. त्याआधी या धंद्यावर जर्मनांचं वर्चस्व होतं. मेर्कलिन कंपनीने 1891 मध्ये लायपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ मांडले आणि एका वर्षी घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी डबे आणि रूळ जोडत जाण्याची सोय झाली. खेळण्यातली आगगाडी घराघरांत वाढत गेली ती या मापांच्या शिस्तीमुळे.

‘एल. एम. एस.’ म्हणजे लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वे. ब्रिटनमधल्या अनेक कंपन्या एकत्र करून ती 1923 मध्ये उभी राहिली, आणि 1948 च्या पहिल्या दिवशी तिथल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा संपली. म्हणजे आमचं इंजिन 1923 च्या आधीचं असूच शकत नाही. घरातली आठवण अशी, की आजोबा कापसाच्या कामासाठी मुंबईला गेले असताना माझ्या वडिलांसाठी ते घेऊन आले. वडील तेव्हा पाच वर्षांचे होते, म्हणजे साल 1938 च्या आसपासचं. दोन्ही गोष्टी जुळतात.

लिव्हरपूल हे नाव मात्र आमच्या गावाला त्याच्या फार आधीपासून ठाऊक होतं. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून सुमारे 500 मैलांवरच्या मिर्झापूरला, गंगेच्या काठी जायचा. वाटेत धूळ, पाऊस आणि चोरी यांतून जे उरेल ते विकायचं. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा बुलढाणा जिल्ह्याचा उत्तरेकडचा सपाट भाग कापत 1867 मध्ये नागपूरला पोचला. खामगाव ही कापसाची मोठी पेठ, पण मुख्य मार्गापासून बाजूला पडलेली. म्हणून जलंबहून आठ मैलांची फांदी काढण्यात आली. तिचं उद्घाटन करायला 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले. आठ मैलांच्या रुळासाठी देशाचा सर्वोच्च अधिकारी येतो, यावरून त्या रुळावरून काय जाणार होतं याची कल्पना यावी. सुएझचा कालवा त्याच्या आदल्याच वर्षी खुला झाला होता. गाठी खामगावला दाबायच्या, जलंबला मुख्य मार्गावर घ्यायच्या, मुंबईला बोटीत चढवायच्या. त्या लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरत.

आजोबांच्या काळापर्यंत चित्र बदललं होतं. आमचा आखूड धाग्याचा कापूस तेव्हा मुंबईच्या गिरण्यांकडे आणि जपानकडे अधिक जाई. तरी कापसाच्या पैशातून मुंबईत खेळणं घेतलं गेलं आणि ते निघालं लिव्हरपूलचं. ज्या वाटेने गाठी गेल्या, तिच्याच उलट वाटेने हे इंजिन खामगाव स्टेशनावर उतरलं.

आजीला ते कधी आवडलं नाही. मी ते फरशीवर फिरवायला लागलो की ती म्हणायची, “हे आपल्या जलंबचं इंजिन नोहे, बापू.” मला राग यायचा. आता फूटपट्टी घेऊन बसलो तेव्हा कळलं, की तिचं म्हणणं मिलिमीटरमध्ये सिद्ध करता येतं.

हॉर्नबीच्या या गाड्यांच्या रुळांतलं अंतर 32 मिलिमीटर. हे माप इंग्लंडातल्या 4 फूट साडेआठ इंची रुळावरून आलेलं, फुटाला 7 मिलिमीटर या हिशेबाने. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, म्हणजे 1676 मिलिमीटर. त्याच हिशेबाने आपल्या गाडीला साडेअडतीस मिलिमीटरचा रूळ लागतो. आज जगभर चालणाऱ्या ‘एचओ’ प्रमाणात, म्हणजे एकास 87 मध्ये, तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरचा मिळतो. आपल्याला हवा सव्वाएकोणीसचा. त्यामुळे हौशी माणसं बहुधा परदेशी इंजिनालाच आपला रंग आणि आपला क्रमांक देतात. अरुंद परक्या रुळावर आपली गाडी चालवावी लागते.

गंमत अशी की शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतलेची अडचण उलट सोपी आहे. तिचा रूळ अडीच फुटी, 762 मिलिमीटर. एकास 87 मध्ये तो पावणेनऊच्या आसपास येतो आणि बाजारात 9 मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत, सत्तर वर्षं, शकुंतलेला ओढत होतं. त्या इंजिनाचं जवळजवळ अचूक मॉडेल कोणालाही घरच्या टेबलावर चालवता येईल. शकुंतला स्वतः मात्र आता बंद आहे.

आपल्याकडे ही हौस नाही असं नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 मध्ये सुरू झालं. मी तिथे गेलो होतो. खोलीभर शहर, सिग्नल, उड्डाणपूल, एकमेकींना चुकवत जाणाऱ्या गाड्या. दिवे मंद झाले की पोरांच्या आधी त्यांचे आजोबा पुढे सरकतात. मीही सरकलो. पण बाहेर आल्यावर लक्षात आलं, की मी त्या गाड्यांत जे शोधत होतो ते तिथे असणं शक्यच नव्हतं. मला हवं होतं ते खामगावच्या फलाटावरचं काळं इंजिन. आमच्या गावाला रूळ संपतात. गाडी आली की इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळाने फिरून दुसऱ्या टोकाला जायचं आणि जिथून आलं तिकडेच डबे घेऊन निघायचं. जालन्यापर्यंत रूळ पुढे न्यावेत ही मागणी शंभराहून अधिक वर्षांची आहे. तीन पिढ्यांनी इंजिनाची ती फेरी पाहिली आहे.

इथे एक प्रश्न मला टोचतो. पोळ्याला आम्ही मातीचे बैल करायचो. शिंगं, वशिंड, गळ्यातली माळ, कोणाच्या गोठ्यातला कोणता बैल आहे हे ओळखू यायचं. मिर्झापूरची वाट तुडवणाऱ्या बैलांची छोटी रूपं आमच्या हातांनी बनत होती. मग आठ मैलांवर रोज दिसणाऱ्या इंजिनाचं छोटं रूप आमच्यात कोणी का केलं नाही? गावात लोहार होते, पत्रेवाले होते, जिनांत यंत्र दुरुस्त करणारे कुशल मिस्त्री होते. हाताची कमतरता नव्हती. मला वाटतं, बैल आपला होता. इंजिन आपल्या गावात आलं, आपला माल घेऊन गेलं, पण ते आपलं आहे असं कोणी आपल्याला सांगितलं नाही, आणि आपल्यालाही वाटलं नाही. चित्तरंजनच्या कारखान्यातून 1950 मध्ये पहिलं इंजिन बाहेर पडलं. तोवर आमच्या कपाटात लिव्हरपूलचं लाल इंजिन बसून बारा वर्षं झाली होती.

तेव्हा जुन्या खेळण्यातल्या इंजिनाबद्दल आपल्याला जी हुरहूर वाटते, ती निम्मी आपल्या बालपणाची आणि निम्मी दुसऱ्याच्या रेल्वेची असते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण दोन्ही वेगळ्या काढून पाहाव्यात.

हिशेब करता करता एक आकडा हाती आला. मुंबई ते नागपूर हा मार्ग एकास 87 मध्ये करायचा तर साडेनऊ किलोमीटर जागा लागेल. म्हणूनच मॉडेल करणारे अंतरं आखडून घेतात, दोन स्टेशनं हातभरावर येतात. पण जलंब ते खामगाव? आठ मैल म्हणजे 12.87 किलोमीटर; भागिले 87. उत्तर 148 मीटर. एकही वळण न कापता, एकही मोरी न गाळता, अख्खा रेल्वेमार्ग एका शाळेच्या मैदानात मावतो.

मी संग्राहकाला नकार कळवला. इंजिन माझ्याकडे राहील, पण ‘आपली जुनी आगगाडी’ म्हणून नाही. आजोबांच्या धंद्याचा कागद म्हणून, त्यांच्या वह्यांच्या शेजारी. उरलेलं काम वेगळं आहे आणि ते जागेवर जाऊन करायचं आहे. स्टेशनाची जुनी भिंत, मोऱ्या, फाटकं, फलाटाची लांबी, सगळं मोजून कागदावर घ्यायला मी सुरुवात केली आहे. ज्याला कधी बांधायचं असेल त्याला मापं तरी मिळतील.

परवा पुतण्याच्या मुलाला घेऊन संध्याकाळी मैदानावर गेलो. एका टोकाला त्याने वीट ठेवली आणि म्हणाला, “आबा, हे जलंब.” मग आम्ही खामगावपर्यंत चालत गेलो. माझी दोनशे अकरा पावलं झाली. त्याची किती झाली ते त्याने मोजलं होतं, पण मध्येच तो शिट्टी वाजवायला लागला आणि आकडा विसरला.