जुन्नरची लेणी : दात्यांच्या शिलालेखांतून

मराठीतील 'लेणे' हा शब्द मूळचा पालीतील 'लेण' होय. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्खूंसाठी विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय व गुहा अशी पाच लेणी अनुज्ञात केली आहेत. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभारून ते आगत-अनागत चातुद्दिस संघाला अर्पण केले, ही कथाही तेथेच येते. महाराष्ट्रात या परंपरेचा शोध घ्यावयाचा असेल तर वेरूळ-अजिंठ्याआधी जुन्नरला जावे.

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावला वळले की जुन्नर जवळच आहे. गावाभोवतीच्या तुळजा, शिवनेरी, मानमोडी व लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास खोदकामे असून ती मुख्यतः इ.स.पूर्व पहिले ते इ.स. तिसरे शतक या काळातील आहेत. एका दिवसात ती सर्व पाहून होत नाहीत. तरीही पहाटे निघावे आणि प्रथम तुळजा लेण्यांतील वर्तुळाकार चैत्यगृह पाहावे. मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी स्तंभ आणि वर घुमट अशी ही रचना पश्चिम भारतात अत्यंत विरळ आहे. डोंगराचे आजचे नाव मात्र स्तूपावरून आलेले नाही, तेथील एका लेण्यात पुढे स्थापिलेल्या देवीवरून आले आहे.

लेण्याद्रीवर हाच प्रकार अधिक ठळक दिसतो. सातव्या क्रमांकाचे लेणे हा वीस खोल्यांचा, स्तंभरहित प्रशस्त विहार आहे. त्याच्या मागील भिंतीतील मधल्या दोन खोल्या एक करून तेथे गिरिजात्मजाचे स्थान झाले आणि अष्टविनायकांच्या यात्रेत तो विहार 'देऊळ' ठरला. दर्शनार्थींच्या श्रद्धेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्या खोल्यांत भिक्खू राहिले त्या खोल्या आहेत, हे तेथे येणाऱ्याला कोणी सांगत नाही, ही इतिहासाची हानी आहे. शेजारच्याच सहाव्या लेण्यातील, म्हणजे चैत्यगृहातील लेख तर स्पष्ट आहे : हे दान कल्याणच्या हेरणिकपुत्र सुलसदताचे. (लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, असे सांगणाऱ्यांनी निदान ही ओळ वाचून घ्यावी.)

जुन्नरचे खरे वैभव या लेखांतच आहे. सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी देणारी धान्यविक्रेत्यांची श्रेणी तेथे भेटते. संघासाठी भोजनमंडप देणारा चिट नावाचा यवन भेटतो, तसेच पोढ्या देणारा इरिल हा दुसरा यवन आणि आडुथुम नावाचा शक उपासकही. नगरातील धम्मुत्तरीय निकायाच्या भिक्खुनींच्या उपाश्रयाचाही उल्लेख आहे. भिक्खुनीसंघ येथे नांदत होता, याचा हा दगडावरचा पुरावा होय. शिवनेरीवर वीरसेनक या गृहपतीने चैत्यगृह दिले ते 'सर्व लोकांच्या हितसुखासाठी'. सर्वांत विचार करावयास लावणारा लेख मात्र अक्षयनीवीचा आहे. संघासाठीची कायम ठेव वंसकार, म्हणजे बांबूकाम करणारे, आणि कासाकार, म्हणजे काशाची भांडी घडविणारे, यांच्या श्रेणींकडे ठेवण्यात आली. पुढील काळात ज्या हातकामांना हलके लेखले गेले, त्यांतील कारागीर येथे संघाच्या द्रव्याचे विश्वस्त आहेत. यावरून जातिव्यवस्था तेव्हा नव्हतीच असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंतु श्रमाची पत काय होती, हे यातून दिसते.

राजसत्ताही येथे अनुपस्थित नाही. मानमोडीवर महाक्षत्रप नहपानाच्या अयम नामक अमात्याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. पोढी व मंडप हे त्याचे दान. मात्र दाता अमात्य आहे, राजा नव्हे.

दिवस उरला असेल तर पश्चिमेस नाणेघाटापर्यंत जावे. कोकणातील कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने वर येई. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे व कार्षापण यांची ती लांबलचक नोंद आहे. एकाच व्यापारी मार्गावर राजघराण्याचे धन यज्ञाकडे गेले आणि धान्यविक्रेते, गृहपती व परदेशी उपासक यांचे धन पोढ्यांकडे, भोजनमंडपाकडे, भिक्खूंच्या खोल्यांकडे गेले. नागनिकेचा लेख पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक असतो. जुन्नरचे लेख भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनी १८८१ मध्येच प्रसिद्ध केले. ते मूळ प्राकृतात, देवनागरीत व मराठी अर्थासह प्रत्येक विहाराच्या ग्रंथालयात असावयास हवेत. आपल्या उपासकांच्या लेणीदर्शन सहलींत निदान सुलसदताचा लेख तरी त्याच ओसरीत उभे राहून मोठ्याने वाचला जावा.