मेपल आणि कोशिंब

महाडच्या एका स्नेह्यांनी अंगणात जपानी मेपलचे रोप लावले होते. उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या आणि आषाढातल्या पावसात मुळे कुजून रोप गेले. यात नवल काही नाही. या वृक्षाला हिवाळ्यात खऱ्या थंडीची विश्रांती लागते, दुपारचे ऊन सोसत नाही आणि मुळाशी पाणी साचलेले मुळीच चालत नाही. सावित्रीकाठी यातले काय जुळणार?

तरीही त्या रोपाने मला एका जुन्या प्रश्नाकडे नेले. तांबड्या पानांचे वेड जपानने बागेत आणले. आपण ते का आणले नाही?

कारण तांबडे पान आपल्याकडे नाही, असे म्हणता येत नाही. फाल्गुन-चैत्रात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागावे. करड्या पडलेल्या उतारावर मध्येच एखादा वृक्ष पेटल्यासारखा दिसतो. नवखा माणूस त्याला पळस समजतो. जवळ गेल्यावर कळते की डोळ्यांत भरणारे फूल एकही नाही. आहे ती सारी कोवळी पालवी. हा कोशिंब. कुणी त्याला कुसुंबही म्हणतात.

या दुसऱ्या नावाने साहित्याच्या अभ्यासकाची फसगत होण्याचा संभव आहे. कुसुंबी रंगाचा या वृक्षाशी संबंध नाही. तो कुसुंभाचा, म्हणजे करडईच्या फुलांचा. आयुर्वेदीय ग्रंथांत या वृक्षाचे नाव कोशाम्र असे येते. त्या नावात रंग कुठेच नाही, आंबा मात्र आहे! पाहणाऱ्याची नजर पालवीवर नव्हे, आंबट फळावर होती. पुढेही या झाडाची ओळख राहिली ती बियांच्या तेलामुळे, त्यावर पोसल्या जाणाऱ्या लाखेमुळे आणि घाण्याच्या लाटेला उपयोगी पडणाऱ्या कठीण लाकडामुळे.

आता कालगणना पाहावी. १७१० मध्ये एदो शहरातील (आजचे तोक्यो) रोपवाटिकाकार इतो इहेई यांनी आपल्या ग्रंथात मेपलच्या छत्तीस प्रकारांची नोंद केली. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले. गडावर कोणती झाडे लावावीत हे त्यात सांगितले आहे. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे मोठे वृक्ष. लिंबू, नारिंगासारखे लहान. शिवाय फुलझाडे आणि वेलीही. एवढेच नव्हे, तर उपयोगाचे असो वा नसो, जे झाड येईल ते लावून जतन करावे, असे अमात्य म्हणतात. मात्र लगेच कारणही देतात: वेळप्रसंगी निदान लाकूड तरी कामी येईल. निरुपयोगी झाडालाही शेवटी उपयोग सांगावा लागला.

यात अरसिकता शोधणे अन्यायाचे होईल. एदोत तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे शांतता नांदत होती. मराठी मुलूख १६८० ते १७०७ अशी सत्तावीस वर्षे औरंगजेबाशी झुंजून नुकता कुठे उसंत घेत होता. रायगडासारखा गड वेढ्यात सापडला की सरपण हाही शिबंदीचा प्राणच. पानाच्या रंगासाठी झाड निवडण्याची चैन शांततेला परवडते. मला वाटते, आपल्या परसबागेवर त्या काळाची सावली दीर्घकाळ राहिली.

पुढे इंग्रज आले, घाटमाथ्यावर महाबळेश्वर वसले. शोभेच्या झाडाची कल्पना रुजली, पण झाडे बाहेरची: ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक, मादागास्करचा गुलमोहर. कोशिंब रानातच राहिला.

गंमत अशी की आजचे वनस्पतिशास्त्र मेपल आणि कोशिंब या दोघांना एकाच कुलात, रिठ्याच्या कुलात, घालते. दोघांच्या लालीमागचे रंगद्रव्यही एकाच जातीचे, अँथोसायनिन. फरक ऋतूचा. मेपलचे पान गळण्याआधी तांबडे होते, कोशिंबाचे जन्मताच.

स्नेह्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘रोप कुठे मिळेल?’ शोभेच्या रोपांच्या दुकानात शोधण्यापेक्षा पावसाच्या तोंडावर पिकलेली फळे गोळा करून ताजे बी पेरणे बरे. वाढ फार सावकाश होते. यंदा त्यांनी बी पेरले आहे, अंगणात नव्हे, कुंपणापलीकडच्या वरकस जमिनीत. झाड साठ-सत्तर फूट सहज जाते. घरापासून अंतर ठेवा, एवढेच मी सुचवले.