यांत्रिक पेन्सिल आणि अडलेले शिसे

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेलच्या डोंगरात सापडलेले हे खनिज शिशाचाच एखादा प्रकार असावा, असा समज झाला. ते कार्बनचे रूप आहे हे शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवले, पण तोवर नाव रुळले होते.

लाकडी पेन्सिलीत हे शिसे खोबणीत चिकटवलेले असते. यांत्रिक पेन्सिलीत ते मोकळे असते आणि सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात. शिसे पुढे सरकावे, लिहिताना दाबाने मागे जाऊ नये आणि जागच्या जागी फिरू नये, अशा तीन अटी एकदम सांभाळाव्या लागतात.

लंडनमध्ये १८२२ साली जॉन आयझॅक हॉकिन्स आणि सॅम्पसन मॉर्डन यांनी अशा पेन्सिलीचे पेटंट घेतले. हॉकिन्स लवकरच बाजूला झाला. मॉर्डनच्या चांदीच्या पेन्सिली मात्र पुढे घराघरांत पोहोचल्या. अमेरिकेत चार्ल्स कीरनची ‘एव्हरशार्प’ शिकागोच्या वॉल कंपनीने बनवायला घेतली. तिच्या टोकाच्या नळीत आतून बारीक खाचा असतात आणि त्याच शिशाला फिरू देत नाहीत. जपानमध्ये हायाकावा टोकुजीने १९१५ च्या सुमारास धातूची पेन्सिल काढली. तिच्या ‘एव्हर रेडी शार्प’ या नावावरूनच पुढे ‘शार्प’ कंपनीला नाव मिळाले.

जुनी पेन्सिल दुरुस्त करताना पहिला प्रश्न जाडीचा येतो. एव्हरशार्पच्या पिढीत साधारण १.१८ मिलिमीटर जाडीचे शिसे चाले, नंतरच्या बऱ्याच पेन्सिलींत सुमारे ०.९ चे. बारीक शिसे जाड नळीत घातले की ते घसरते, आणि मालकाला वाटते यंत्रच झिजले. प्रत्यक्षात यंत्राला काहीही झालेले नसते.

दुसरे दुखणे अडकलेल्या तुकड्याचे. पीळ देऊन शिसे पुढे ढकलणाऱ्या बऱ्याच पेन्सिलींत शिशाचे बूड एका छोट्या वाटीत बसते. शिसे संपत आले की उरलेले थोटुक तिथेच घट्ट बसते आणि नवे शिसे आत जात नाही. अशा वेळी जोराने पिळणे सर्वांत घातक, कारण आतला पेच तुटला तर बदली भाग सहसा मिळत नाही. वाटी जमेल तेवढी पुढे आणावी आणि नळीच्या भोकापेक्षा किंचित बारीक तारेने किंवा सुईने थोटुक हळूहळू खरवडून भुगा झटकावा. थोटुक फारच घट्ट असेल तर बारीक ड्रिलचे पाते नुसत्या बोटांनी फिरवावे. पेन्सिलीचे अंग सेल्युलॉइडचे असेल तर थोटुक सैल करण्यासाठी त्याच्याजवळ ज्योत नेऊ नये. ते झटकन पेट घेते.

जपानच्या पेंटेल कंपनीने १९६० मध्ये राळयुक्त शिसे आणले. जुन्या माती-ग्रॅफाइटच्या शिशापेक्षा ते चिवट असल्याने पेन्सिली ०.५ मिलिमीटरपर्यंत बारीक झाल्या. आजचे ०.९ चे शिसे जुन्या ०.९ च्या पेन्सिलीत सहसा चालते. व्हिक्टोरियाकालीन पेन्सिलींची मापे मात्र विचित्र. त्यांच्यासाठी ड्रॉइंगच्या क्लच पेन्सिलीचे २ मिलिमीटरचे शिसे पॉलिशपेपरवर फिरवत, मधूनमधून नळीत घालून पाहत, हव्या त्या जाडीपर्यंत घासावे लागते.