औंधचे चित्रकार राजे

राजा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हत्ती, तलवार आणि दरबार उभा राहतो. पण आपल्या सातारा-सांगली भागात हाती कुंचला धरणारे एक राजे होऊन गेले. औंधचे श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ते हेच. मी सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी. चित्रकलेतले बारकावे मला ठाऊक नाहीत. तरी ज्यांचे ऋण आपल्या पलूस भागावर आहे, त्यांची माहिती स्मरणिकेत असावी, म्हणून हे चार शब्द.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ सालचा. १९०९ मध्ये ते गादीवर आले. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे, तेही विखुरलेले आणि बरेचसे दुष्काळी. आपले कुंडल त्यातच होते. राज्याचा व्याप सांभाळून त्यांनी चित्रकलेची उपासना केली. रामायणातील प्रसंग त्यांनी रंगविले आणि १९१६ साली त्यांचे चित्ररामायण छापून निघाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती हाती घेतली, तेव्हा त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. शिवाय तिच्यासाठी स्वतः चित्रे काढली. त्या काळची वस्त्रे व दागिने कसे असतील, हे त्यांनी प्राचीन शिल्पे पाहून ठरविले.

एकट्याने चित्रे काढून ते थांबले नाहीत. पंडित सातवळेकर हे मूळचे चित्रकार आणि वेदांचे गाढे अभ्यासक. ते औंधास येऊन राहिले. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर बाळासाहेबांनी श्रीभवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्यापासून परदेशी शिल्पकार हेन्री मूर यांच्यापर्यंत अनेकांच्या कलाकृती तिथे आहेत. एवढे धन वाड्यात कुलपाखाली न ठेवता त्यांनी लोकांना पाहण्यासाठी मांडले, हे मला फार मोलाचे वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट तर आपल्या अंगणातली. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत होते. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येईनात, म्हणून रंगांचा नाद सोडून ते यंत्रांकडे वळले. पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा बाळासाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि कर्जाऊ रक्कमही दिली. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. ज्या माळावर निवडुंग होता, तिथे नांगर तयार होऊ लागले. १९३० पासून 'स्त्री' मासिकही तिथूनच निघू लागले. त्यातून कित्येक बायकांना घराबाहेरचे जग दिसले.

दुष्काळी मुलखात चित्रांचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण पोटाला भाकरी लागते, तसे मनालाही काही लागतेच. आपणही नागपंचमीला पाटावर नाग काढतो, दिवाळीत दारी रांगोळी घालतो. ती का पैसेवाल्यांची चैन आहे?

संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि १९५१ साली बाळासाहेब वारले. संग्रहालय आता सरकारकडे आहे. आपल्यापैकी पुष्कळजणी यमाईला जातात, ओटी भरतात आणि खाली उतरून गाडी धरतात. पुढच्या खेपेस मुलीबाळींना घेऊन संग्रहालयात अवश्य जावे. एखाद्या चित्रापुढे पोर रेंगाळली, तर तिला घाई करू नये.