झाशीच्या बरॅकीत घुसलेलं विमान

झाशी म्हटलं की मराठी माणसाला नेवाळकरांची झाशी आठवते, राणी आठवते, तटावरून उडी घेणारा घोडा आठवतो. आज त्याच झाशीतली वेगळी गोष्ट सांगतो. ११ मे १९३०, ऐन उन्हाळा. छावणीच्या परेड मैदानावर एक हिरवं, दोन पंखांच्या जोडीचं विमान उतरलं, पण थांबेना. शिपाई पळाले. विमान पलटणीच्या पाटीला धडकलं आणि बरॅकींच्या मध्ये जाऊन अडकलं. पंख मोडला. आतून उतरली २६ वर्षांची इंग्रज मुलगी, तीही एकटी.

तिचं नाव एमी जॉन्सन आणि विमानाचं नाव 'जेसन'. ५ मे रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून ती ऑस्ट्रेलियाला निघाली होती. सहा दिवसांत कराचीला पोचली, तोवरचा विक्रम दोन दिवसांनी मागे टाकून. पुढचा मुक्काम अलाहाबाद. समोरून वारा, टाकीतलं पेट्रोल संपत आलेलं, म्हणून जे सपाट मैदान दिसलं तिथे उतरली. ते होतं झाशीचं.

आता हे विमान थांबलं का नाही, ते बघा. अपघाताचं खरं कारण तिथेच आहे.

'जेसन' हे डी हॅविलंड कंपनीचं जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, वर कापड आणि त्यावर कापड ताणून धरणारं रोगण. रिकाम्या विमानाचं वजन चारशे किलोच्या आसपास, म्हणजे आजच्या छोट्या मोटारीच्या निम्मंसुद्धा नाही. चाकांना ब्रेक नाहीत. शेपटीखाली नुसता एक दांडा, तो जमिनीवर घासत जायचा आणि त्या घासण्यानंच वेग कमी व्हायचा. गवताळ, मोठ्या मैदानावर हे चालून जातं. उन्हानं तापून कडक झालेल्या परेड ग्राउंडवर दांडा काय धरणार? त्यात शेपूट जमिनीला टेकली की नाक वर होतं आणि पायलटला समोरचं काही दिसत नाही. एमी तर मागच्या सीटवर, कारण पुढच्या सीटच्या जागी जादा पेट्रोलची टाकी बसवलेली. हे विमान हवेत शहाण्यासारखं वागायचं. घोळ व्हायचा तो जमिनीवर.

गंमत म्हणजे हे मुळात शिकाऊ लोकांसाठीच केलेलं विमान. पहिल्या महायुद्धानंतर इंजिनांचे सुटे भाग ढिगानं पडून होते. जेफ्री डी हॅविलंडसाठी फ्रँक हॅलफर्ड नावाच्या इंजिनिअरनं आठ सिलिंडरच्या जुन्या इंजिनाचा अर्धा भाग घेऊन चार सिलिंडरचं स्वस्त इंजिन बनवलं. त्यावर १९२५ साली पहिलं मॉथ उडालं. मॉथ म्हणजे पतंग, दिव्यावर येतो तो. डी हॅविलंडला फुलपाखरं, पतंग गोळा करायचा नाद होता, म्हणून हे नाव. पंख मागे दुमडता यायचे, त्यामुळे जागाही कमी लागायची. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारनं फ्लाइंग क्लबांना पैसे द्यायला सुरुवात केली आणि मॉथ म्हणजे क्लबचं विमान असं समीकरण झालं.

हे वारं आपल्याकडेही आलं. १९२८ मध्ये जुहूला विमानतळ झाला, मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला. जे.आर.डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला तो इथलाच. आणि योगायोग असा की एमी निघाली त्याच मे महिन्यात आपले तीन तरुण मॉथ घेऊन आगाखान बक्षिसासाठी भारत आणि इंग्लंडच्या दरम्यान उडत होते: मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे.आर.डी. इजिप्तमध्ये अस्पीची गाडी स्पार्क प्लगपायी अडली होती. जे.आर.डीं.नी आपल्याकडचे प्लग देऊन टाकले आणि बक्षीस अस्पी घेऊन गेले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

पण परत झाशीला. एमी ही हल शहरातल्या मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. 'जेसन' हे नाव वडिलांच्या धंद्याच्या छापावरून. पदवी अर्थशास्त्राची, नोकरी वकिलाच्या ऑफिसात टायपिंगची, आणि ऑफिस सुटलं की मुक्काम विमानाच्या हँगरमध्ये. बाईमाणूस हँगरमध्ये काय करणार, असं वाटणाऱ्यांमध्ये ती हात काळे करून इंजिन उघडायला शिकली आणि १९२९ मध्ये ग्राउंड इंजिनिअरचा सरकारी परवाना मिळवला. ब्रिटनमध्ये हा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. विमान सहाशे पौंडांचं, तेही जुनं. अर्धे पैसे वडिलांनी दिले, अर्धे लॉर्ड वेकफिल्ड या तेलवाल्या उद्योगपतींनी. या मोहिमेपूर्वीचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता! आपल्याकडे पुण्याहून नाशिकला जाऊन आलेल्यानं दुसऱ्या दिवशी सिंगापूरला निघावं, असा प्रकार.

तर पंख मोडलेला, आणि विक्रमाचं घड्याळ चालू. झाशीत काही विमानाचा कारखाना नव्हता. मग कोण आलं? सुतार आला. जिथे लाकूड मोडलं तिथे त्यानं लाकूड बसवलं, जिथे फाटलं तिथे शिंप्याचा टाका पडला. विमान या शब्दाला आपण फार घाबरतो, पण ते विमान म्हणजे मुख्यतः सुतारकाम आणि शिवणकामच होतं. बैलगाडीचं जू घडवणाऱ्या हाताला त्या पंखाची फासळी परकी वाटली नसणार. दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादमार्गे कलकत्त्याला पोचलीसुद्धा.

यापेक्षा मोठा अपघात १३ मे रोजी ब्रह्मदेशात झाला. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग. पावसात रंगूनचं रेसकोर्स सापडेना, म्हणून ती इनसीन गावी तांत्रिक विद्यालयाच्या खेळाच्या मैदानावर उतरली. पुन्हा तेच. ब्रेक नाहीत, मैदान संपलं आणि पुढे खड्डा. पंखा तुटला, चाकांचा सांगाडा गेला, पंख फाटला. जादा पंखा तिनं विमानाच्या बाहेरच्या बाजूला बांधून आणला होता, तो कामी आला. बाकीचं विद्यालयातल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलं. पंखाला कापड हवं, ते कुठून आणणार? तर युद्धानंतर शिल्लक राहिलेलं विमानाचं कापड तिथे विकलं गेलं होतं आणि त्याचे सदरे शिवले गेले होते. ते सदरे उसवून पंखाला लावले. मला या अख्ख्या प्रवासातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. तीन दिवस गेले, विक्रम हातचा गेला. पण विमान उडालं.

पुढे जावा बेटावर उसाच्या मळ्यात उतरताना बांबूच्या खुंट्यांनी पंखाला भोकं पाडली, ती जखमेवरच्या चिकटपट्टीनं बुजवली. २४ मे रोजी ती ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत गेलेली पहिली स्त्री. आणि २९ मे रोजी ब्रिस्बेनला, स्वागताला जमलेल्या हजारोंच्या देखत 'जेसन' मैदान ओलांडून कुंपणापलीकडे गेलं आणि उलटं झालं. वाळूचं वादळ, पाऊस, समुद्र, सगळं त्यानं झेललं. मार खाल्ला तो प्रत्येक वेळी जमिनीवर.

जगभर मथळे झाले, गाणी झाली, वर्तमानपत्रानं दहा हजार पौंड दिले. मथळ्यात शब्द होता 'एकटी'. ते खोटं नाही, उडत ती एकटीच होती. पण मीही रोज मथळे लिहितो, म्हणून मला हा शब्द टोचतो. गोष्ट सांगताना झाशीचा 'गावचा सुतार' एवढाच येतो, आडनावाशिवाय. इनसीनची पोरंही 'विद्यार्थी' म्हणूनच येतात. सहाशे पौंडांतले तीनशे देणारे लॉर्ड मात्र नावानिशी येतात.

याच मॉथमधून १९३१ साली टायगर मॉथ झालं. त्यात पंख मुद्दाम थोडे मागे वळवले, कारण पुढच्या सीटवरच्या शिक्षकाला पॅराशूट घेऊन बाहेर पडता आलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ आणि जोधपूरला आपले वैमानिक त्यावरच शिकले. ब्रेक त्यालाही नव्हते, आणि इंजिन चालू करायला समोर उभं राहून हातानं पंखा फिरवावा लागायचा. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा घेतली १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या एचटी-२ नं. ते आपल्या देशात बनलेलं, एकाच जोड पंखांचं, धातूचं विमान. त्याचे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, जर्मनीत प्रांटलसारख्या गुरूकडे शिकून आलेले. त्यांच्यावर वेगळी पोस्ट लिहायची आहे, लिहीन.

एमीचा शेवट ५ जानेवारी १९४१ रोजी झाला. युद्धात एक विमान पोचवायला निघाली होती, ते थेम्सच्या मुखाशी समुद्रात पडलं. 'जेसन' लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. आपल्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं तिकडे असतील तर सांगा त्यांना, जाऊन पंख नीट बघून या म्हणावं. आणि झाशीच्या जुन्या मराठी घरांतलं कुणी ही पोस्ट वाचत असेल, आजोबा-पणजोबांकडून त्या विमानाबद्दल काही ऐकलं असेल, तर कमेंटमध्ये लिहा.