शाळेच्या दाराचं लाकूड आलं कुठून? बिलासोबत पासही बघा

सुरगाणा, पेठ, हरसूल पट्ट्यात साग-खैराची चोरटी तोड नवी नाही. पण ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडीची दारं-खिडक्या ज्या लाकडाची, ते कुठून आलं, हे क्वचितच कुणी विचारतं.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगल वाचावं म्हणून १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरणं बंद केलं. २०२० मध्ये ही बंदी उठली. लाकडाच्या जागी लोखंड, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक आलं होतं. शिवाय बांधावर साग लावणाऱ्याला सरकारी गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. २०२३ च्या नव्या संसद भवनात नागपूरचा साग वापरलाय.

म्हणजे प्रश्न लाकडाचा नाही, ते कायदेशीर आहे का याचा आहे. आपल्या राज्यात साग, खैर स्वतःच्या शेतातला असला तरी तोडायला परवानगी लागते (१९६४ चा वृक्षतोड कायदा), आणि माल हलवायला वाहतूक पास. वन विभागाच्या डेपोत लिलावाने घेतलेल्या लाकडावर हातोड्याची खूण असते. डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी ऑनलाइन पासची सोय झाली. त्यावरचा क्यूआर कोड मोबाईलवर तपासता येतो.

ठेकेदाराच्या बिलाला पास जोडलाय का, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात पासची प्रत मागता येते.