चालू संगणकातली लिबसी

अंबरनाथ-बदलापूरहून रोज लोकल पकडणाऱ्यांच्या डोक्यावरची वीज बदलली, तेव्हा गाड्या बंद ठेवणं शक्यच नव्हतं. 1500 व्होल्ट डीसी जाऊन 25,000 व्होल्ट एसी येणार होती. म्हणून दोन्हींवर चालणारे रेक आधी आले, मग टप्प्याटप्प्याने वीज बदलली. मुख्य मार्गाचं ठाणे-सीएसटी टोक जून 2015 मध्ये उरकलं. लिनक्सनेही आपला गाभा असाच बदलला, पण ठेचा खात.

गाभा म्हणजे लिबसी नावाची लायब्ररी. फाइल उघडायची, मेमरी मागायची, तर जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्याकडे जातो. 1997 साली जीएनयूची ग्लिबसी 2.0 आली. तिची फाइल लिबसी.एसओ.6 या नव्या नावाची, त्यामुळे जुनी ‘5’ शेजारीच राहिली आणि जुने प्रोग्रॅम अडले नाहीत. त्याच डिसेंबरात रेड हॅट 5.0 आणि जुलै 1998 मध्ये डेबियन 2.0 ही लिनक्स वितरणं तिच्यावर उभी राहिली.

खरी कोंडी पुढे, सहाचीच नवी आवृत्ती बसवताना. लिबसी.एसओ.6 हा तेव्हा खऱ्या फाइलकडे नेणारा नुसता दुवा होता. हाताने अपडेट करणाऱ्याने तो पुसला आणि नवा जोडायला ‘एलएन’ कमांड दिली, की ती चालायचीच नाही. तिलाही लिबसी लागते! फाइलींची यादी देणारी ‘एलएस’ नाही, कॉपी करणारी ‘सीपी’ नाही. उघडं शेल तेवढं जिवंत, कारण त्याने लिबसी आधीच मेमरीत घेतलेली. अशा वेळेसाठी ग्लिबसीसोबत ‘एसएलएन’ मिळे. तिला लागणारं सारं तिच्या पोटातच, म्हणून लिबसीवाचून ती दुवा जोडते. या सगळ्या इतिहासात मला हीच चिमुकली कमांड सर्वांत आवडते. लिहिणाऱ्याने अडकलेल्या माणसाचा विचार केला होता.

डेबियनच्या डीपीकेजी या पॅकेज मॅनेजरने ती वेळच टाळली. नवी फाइल वेगळ्या नावाने पूर्ण उतरवायची आणि एका फटक्यात तिला जुनीचं नाव द्यायचं. नाव रिकामं राहण्याचा क्षण उरतच नाही. जुनी फाइल वापरणारे प्रोग्रॅम संपेपर्यंत कर्नल ती डिस्कवर राखून ठेवतो. सुरक्षेची दुरुस्ती बसवली तरी रीस्टार्ट करावं लागतं ते यामुळेच: चालू प्रोग्रॅम अजून जुनीवरच असतात.

 पुढे 2021 मध्ये ग्लिबसीच्या 2.34 आवृत्तीने लिबसी.एसओ.6 हा दुवाच काढला. ती आता स्वतःच फाइल आहे, त्यामुळे जुन्या फाइली उशिरा पुसणाऱ्या पॅकेज मॅनेजरांचीही अडचण मिटली.